जिन्यातली पेटी

थोरलीने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि जिन्याच्या वळणावरच्या पांढऱ्या पेटीची पिन उपटली.

महिनाभर ती पेटी तिच्या डोळ्यांत खुपत होती. वरच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेने आणून लावलेली. विचारणं नाही, सांगणं नाही. पेटीची एक वायर वर गेलेली, आणि वर आत्ता धाकटीच्या मैत्रिणी जमलेल्या. धाकटी हुकूम सोडी, पडदे सरकत, मैत्रिणी टाळ्या पिटत. सगळं विकतचं! स्वतः एक तार जोडलेली नाही आणि म्हणे स्मार्ट घर.

थोरलीने सोल्डरिंग शिकताना बोटं भाजून घेतली होती. सासूबाईंच्या पलंगापाशी तिने एक पट्टी बसवली होती. तिच्यावर पाय पडला की वाय-फायवरून बोळातल्या दिव्याला निरोप जाई आणि दिवा लागे. आधी तो चारदा लागे, दोनदा रुसे. गेला महिना मात्र एकदाही चुकला नव्हता. थोरलीने प्रोग्रॅमच्या चार ओळी बदलल्या होत्या, त्याचंच ते फळ. त्यावर सासूबाई काय म्हणाल्या? "बरा आहे." आणि धाकटीच्या पडद्यांचं कौतुक सकाळ-संध्याकाळ, गोळ्या घेतल्यासारखं. आज तर कहरच झाला. "उद्यापासून मी वर राहीन म्हणते."

पिन हातात धरून थोरलीने कान टवकारले. आता पडदे अडकणार.

वर आणखी टाळ्या पडल्या.

आणि खालून हाक आली, "अगं सूनबाई, दिवा का लागेना? भिंत चाचपडत उभी आहे मी!"

थोरली धावली. सासूबाईंना धरून बसवलं, मोबाइल पाहिला. दिवा नेटवर्कवर नव्हता. तिचा राउटर तर बाहेरच्या खोलीत ठणठणीत चालू होता. मग दिवा इतके दिवस कुणाच्या जिवावर लागत होता?

एकत्र राहत होते तेव्हा सासऱ्यांनी आपल्या स्कूटरचा नंबर वाय-फायचा पासवर्ड म्हणून दिला होता. चुली वेगळ्या झाल्या, राउटर दोन झाले. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड बदलायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. दिव्याला दोन्ही घरं सारखीच.

ती परत जिन्यात आली तेव्हा धाकटी पेटीपाशी वाकली होती.

"ताई, पिन कुणी काढली हो? ही तुमच्यासाठीच आहे, माझं वाय-फाय खाली आणणारी. तुमचा सिग्नल आईंच्या खोलीपर्यंत पोचत नव्हता."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर उपटून टाकली असती तुम्ही."

थोरली म्हणाली, "एवढं माहीत होतं, तर लावलीस कशाला?"

धाकटीने पिन खोचली. मिनिटभराने खाली बोळात उजेड पडला.

"आई वर आल्या की तुमच्या दिव्याचंच पुराण. थोरलीने हाताने केला, तू काय केलंस? ऐकून ऐकून अंगाची आग व्हायची, ताई. म्हटलं, निदान अर्धा दिवा तरी माझा असू दे."