बैठकीचं माप

सीट बनवणाऱ्या गोटीरामच्या दुकानात बाकड्यावर पाच सीटा मांडलेल्या होत्या. दोन ऑनलाइन मागवलेल्या, एक लहान मुलांच्या सायकलची, एक त्यानंच मोपेडवरून कापून काढलेली आणि पाचवी किशोरची. पहिल्या चारांवर स्नेहलनं तीन-तीन किलोमीटर चालवून पाहिलं होतं, पाचवीवर नऊ. नवव्या किलोमीटरला मांड्या बधिर होत आणि ती पडे. हरसूल साठ किलोमीटरच्या वर होतं.

रविवारी तिला तिथं जायचं होतं, भावाच्या, किशोरच्या, त्याच एकचाकी सायकलवर. मागच्या वर्षी तिकडंच निघालेला किशोर त्र्यंबकच्या पुढच्या उतारावर पडून गेला. हरसूल राहिलं.

"बुलेटवर तीन-तीन जण बसत्यात, कुणी माप देत नाय," गोटीराम म्हणाला. "एका चाकावाल्यांचेच लय नखरे."

"दोन चाकांवर थोडा भार हातांवर येतो, काका. इथं सगळा बुडावर."

"तुझा भाऊबी हेच म्हणायचा."

त्यानं स्टुलावर नालीदार पुठ्ठा टाकला. स्नेहल त्यावर बसली, पाय थोडे उचलून धरले आणि मनात साठ मोजून उठली. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते, बसायच्या दोन हाडांचे. कॉलेज संपलं तरी तिनं मापं घ्यायचा स्वतःचा व्हर्निअर कॅलिपर जपून ठेवला होता. तो पिशवीतून काढून तिनं दोन्ही खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं.

"बारा पूर्णांक आठ सेंटिमीटर."

गोटीरामनं किशोरची सीट उलटी केली. तळाच्या प्लॅस्टिकवर त्याच्याच हातचं पेननं लिहिलेलं होतं: किशोर ११.२. प्रत्येक गिऱ्हाइकाचं तो असंच लिहून ठेवी.

"म्हणून टोचती तुला. हाडं जिथं टेकायला पायजे तिथं फोम नाय. हाडं काय बदलत नाय, पोरी. फोम बदलावा लागंल."

"सगळा?" चतुराबाईंनी विचारलं. स्नेहलची आई इतका वेळ दाराशी बसून होती.

"सगळा, वहिनी."

"त्याच्यावरच नवा थर नाही का देता येणार? तेवढंच राहील त्याचं."

गोटीरामनं हातातला पेचकस खाली ठेवला. "दोघांची बैठक एका सीटमधी बसत नाय. दोघांनाबी तरास होतो."

चतुराबाईंनी लेकीकडं पाहिलं. स्नेहल व्हर्निअरचा जबडा उघडत होती, मिटत होती.

"काढा, काका," ती शेवटी म्हणाली.

लांब लष्कराच्या फायरिंग रेंजवर तोफ उडाली आणि काचेच्या बरणीतल्या टाचण्या हलल्या. गोटीरामनं रेक्झिन सोलून काढलं. आतला फोम पिवळा पडला होता. त्यावर अंगठ्याएवढे दोन खोल खळगे होते, उजवा डाव्यापेक्षा किंचित पुढं. जुना फोम गोटीराम कधीच टाकत नसे. ज्यानं बसून तो दाबला त्याच्या घरी तो परत जायचा. त्यानं तो चतुराबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि दोन्ही अंगठे खळग्यांत ठेवले.

तळाचं प्लॅस्टिक त्यानं घासून कोरं केलं. नवीन, कडक फोम घेतला, मध्ये चीर ठेवली, बारा पूर्णांक आठच्या खुणेवर दोन्ही बाजूंना उंचवटे दिले. फोम चिकटवायचं सोल्युशन वाळायला पाऊण तास लागला. रेक्झिन ताणण्याआधी त्यानं पुठ्ठ्याची एक कोरी पट्टी मागितली. ती रेक्झिनखाली ठेवून गिऱ्हाईक चालवून आलं की भार कुठं पडतो ते तिच्यावरून कळे. चुकलं असेल तर तिथंच दुरुस्ती. स्नेहलनं पट्टी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. सपाट होती. कोपऱ्यावर तिनं आपलं नाव आणि तारीख लिहिली आणि स्वतःच्या हातानं पट्टी फोमवर ठेवली. वरून रेक्झिन आलं.

ती रेल्वे फाटकापर्यंत गेली. तिथून आणखी पुढं गेली. बधिरपणाची वाट पाहत राहिली, तो आला नाही. नवी सीट पहिल्या दिवशी थोडी तरी टोचते. ही टोचली नाही. कुणीतरी आधीच बसून बसून मऊ केल्यासारखी ती तिला घेऊन चालली होती. उतारावर वेग रोखायला तिनं पाय मागं दाबले नाहीत, तरी चाक आपणहून आवरलं. मोबाइलवर तिनं पाहिलं तर बारा किलोमीटर झाले होते. ती वळली.

दुकानासमोर उतरली तेव्हा चतुराबाई उठून उभ्या होत्या. फोम त्यांच्या पिशवीत होता.

"दुखलं का गं?"

"नाही."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही, आई."

"मग झालं," गोटीराम म्हणाला. "तरी बघून घेऊ." त्यानं कडेचे चार खिळे उपसले आणि रेक्झिनखालून पट्टी ओढून काढली.

कोपऱ्यावर तिचं नाव होतं, आजची तारीख होती. मध्ये दोन खळगे होते, उजवा डाव्यापेक्षा किंचित पुढं. गोटीराम पट्टीकडं बघत राहिला. मग ती बाकड्यावर ठेवून तो एक पाऊल मागं सरला.

स्नेहलनं व्हर्निअर लावला. पुसला, पुन्हा लावला. पट्टी फिरवून तिसऱ्यांदा लावला.

"किती आलं?" चतुराबाईंनी विचारलं.

तिनं गोटीरामचा पेन घेतला आणि तारखेखाली आकडा लिहिला.

११.२.