गणित सोडून

अकरावी-बारावीचे विषय डोक्यात उतरवून घ्यायला कस्तुरी वडिलांबरोबर लातूरच्या कॉलेजात आली होती. कानामागे चकती लावली, की तासाभरात दोन वर्षांचा अभ्यास संपवून पोरं घरी जात.

"गणित सोडून बाकीचे उतरवा, सर," ती चकती लावणाऱ्या बिराजदार सरांना म्हणाली. "ते मी स्वतः शिकणार आहे."

"अगं, इंजिनिअरिंगला गणितच बघतात," वडील काकुळतीला आले. "मागे पडलीस तर?"

"पडेन, बाबा. पण काल आत्याच्या जुन्या पुस्तकातलं एक गणित दिवसभर अडलं होतं. संध्याकाळी सुटलं."

एवढं बोलताना तिचा चेहरा असा काही उजळला, की वडील मानेनेच हो म्हणाले.

चकती धरलेला बिराजदार सरांचा हात तसाच राहिला होता. याच कॉलेजात त्यांच्याही डोक्यात गणित उतरवलं होतं. तेव्हापासून कुठलंही गणित पुरतं वाचून व्हायच्या आत त्यांना उत्तर आलेलं असे.

त्यांनी विषयांच्या यादीतली गणितापुढची खूण पुसली, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि हळूच विचारलं, "सुटतं तेव्हा कसं वाटतं गं?"