दहा ग्रॅम खडू

सुमेधाने पुडी सोडली आणि दुकानातल्या सतरंजीवर खडूची भुकटी पसरली. नेमकी दहा ग्रॅम. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होती. काल तिथेच वस्त्रगाळ करून, तोलून अशा तीन पुड्या आणल्या होत्या.

"बाई, लोक मुलगी बघायला जातात तेव्हा पण इतकं पारखत नाहीत," दौलतशेठ म्हणाला. लॅमिंग्टन रोडवरचं त्याचं दुकान जुन्या सामानाचं. साहेब लोक मायदेशी गेले, त्यांचे पंखे, रेडिओ आणि ही दोन उभी व्हॅक्यूम क्लीनर यंत्रं, एक काळं, एक हिरवं, मागे राहिली. "जरा लवकर करा. दोनला मोर्चा आहे, मला शटर ओढायचंय." शटरवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे त्याने आपल्याच हाताने लिहून ठेवलं होतं. दगड येऊ नये म्हणून.

"मुलगी नीट झाडू मारते का, एवढंच बघतेय मी," सुमेधा म्हणाली.

लालबागच्या चाळीत आई केर काढायला वाकली की सुमेधाचे वडील, अण्णा, पाट उचलून गॅलरीत जाऊन बसत. तरी नंतर तासभर खोकला चाले. सव्वीस वर्षं ते मिलच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजणाऱ्या यंत्रांवर, जॉबर म्हणजे मुकादम होते. मिल सुटून तीन वर्षं झाली; कापूस काही छातीतून सुटला नव्हता. घरात धूळ उडू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. शोरूमच्या काचेतलं नवं कोरं यंत्र परवडणारं नव्हतं. ही दोन परवडत होती, पण दोन्हींतलं एकच. म्हणजे निवड चुकून चालणार नव्हती.

आधी काळं यंत्र. दौलतशेठने बटण दाबलं आणि दुकान घरघरलं. तिच्याबरोबर आलेले अण्णा स्टुलावरून उठले. त्यांनी छत्रीचं टोक यंत्राच्या पोटाला टेकवलं, छत्रीची मूठ कानाशी लावली आणि डोळे मिटले.

"हे काय करतायत?" दौलतशेठने विचारलं.

"बेअरिंग ऐकतायत," सुमेधा ओरडून म्हणाली. "खात्यात सगळी यंत्रं एकदम चालायची. त्यातलं एकच ऐकायचं तर असं."

"बेअरिंग साफ आसा," अण्णांनी निकाल दिला. "दहा वर्सां काय होवचा नाय. आणि आवाज बघ गो, सुमे! आमचो सोळा नंबर असोच गुरगुरायचो. लांबसून वळखायचंय मी. रात्री सपनात पण वळखायचंय."

एका दमात एवढं बोलून गेले. सुमेधाने यंत्र सतरंजीवरून पाच वेळा फिरवलं, त्याची धुळीची पिशवी कागदावर झटकली आणि पर्समधला वजनाचा छोटा काटा काढला. साडेआठ ग्रॅम.

मग दुसरी पुडी, आणि हिरवं यंत्र. ते नुसतंच कुजबुजलं. अण्णांनी छत्री लावली खरी, पण डोळे मिटले नाहीत. "बेअरिंग बरा आसा. पण ह्येका आवाजच नाय." हिरव्याच्या पिशवीतून साडेनऊ ग्रॅम निघाले.

पिशवीला चिकटलेलं दोघांचंही सारखंच धरलं, तर काळ्याचा एक ग्रॅम गेला कुठे? सुमेधाने तिसरी पुडी पसरली, काळं पुन्हा चालू करायला लावलं आणि या वेळी सतरंजीकडे पाहिलंच नाही. दारातून उन्हाची तिरीप आत आली होती. काळ्या पिशवीच्या शिवणीतून पांढरा, धुरासारखा पदर निघत होता आणि त्या तिरिपेत चढत होता.

अण्णा बरोबर त्या तिरिपेत उभे होते. ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर तट्ट फुगलेली, डोळे पाण्याने भरलेले.

"अण्णा?"

त्यांनी मान हलवली. यंत्र थांबल्यावरही जरा वेळाने बोलले. "डोळ्यात कायतरी गेला." मग घाईने, श्वास पुरवून पुरवून म्हणाले, "काळाच घे गो. मजबूत आसा."

"शेठ, याची पिशवी नवी मिळेल?"

"ह्या मॉडेलची? कंपनीनेच बंद केली, बाई."

सुमेधा अण्णांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हिरवं बांधा."

अण्णा छत्री घेऊन वळले. फुटपाथवर गेले आणि तिथे, भिंतीला हात टेकून, मघापासून अडवलेला सगळा खोकला त्यांनी खोकून टाकला. परत आले तेव्हा दौलतशेठ हिरव्याला सुतळी आवळत होता. लांबून घोषणा ऐकू यायला लागल्या होत्या.

तेवढ्या वेळात सुमेधाने सतरंजी गुंडाळून बाहेर नेऊन ठेवली होती. काळ्याची पिशवी सोडवून तीही बाहेर ठेवली. ओल्या फडक्याने यंत्र पुसलं.

"शेठ, हे जरा चालू करा."

"आता कशाला? घेत तर नाही तुम्ही."

"शटर ओढेपर्यंत."

दौलतशेठने बटण दाबलं. अण्णा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी छत्रीचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हळूहळू त्यांचा उजवा हात वर आला. हवेतच अंगठा आणि दोन बोटं काहीतरी जवळ आणत होती, हलकेच पीळ देत होती, सोडत होती. पुन्हा जवळ आणत होती.

दौलतशेठ शटरची सळई हातात घेऊन उभा होता. "हे आता काय?"

"सोळा नंबरवर कापसाचा पेळू तुटलाय," सुमेधा म्हणाली. "जोडतायत. एवढा होऊ दे."

मोर्चा नाक्यावर आला होता. दौलतशेठने सळई खाली ठेवली.