मागचा आरसा

“दाढी मोठी द्वाड आहे हो तुमची,” सलूनवाला म्हणाला. “गालावर चक्क भोवरा आहे. वस्तरा कसाही धरा, उलटाच पडतोय.”

दाढी खुर्चीतल्या माणसाची नव्हतीच, तर तिच्या खोडी त्याला कुठून माहीत असणार? गाल, नाक, ओठ, हनुवटी, सगळं एका मेलेल्या तरुणाचं होतं. याचा स्वतःचा चेहरा विजेच्या खांबावर जळाला आणि पुढे डॉक्टरांनी हा बसवला. गालाला अजून स्पर्श कळत नव्हता. वस्तरा फिरतोय हे त्याला आवाजावरून समजत होतं. हळूहळू सवय होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. सवय झाली. ओळख होत नव्हती.

घरी बायको वाढताना त्याच्या हातांकडे बघून बोलायची. मुलगी ‘बाबा’ म्हणायची, पण त्याआधी जरा थांबायची. म्हणून तो आज इथे आला होता. या सलूनवाल्याच्या हातात त्याने वीस वर्षं डोकं दिलं होतं. आपण होऊन नाव सांगायचं नाही, असं ठरवूनच तो खुर्चीत बसला. याने ओळखलं, तर आपण अजून आहोत. नाहीतर मग आनंदीआनंदच आहे.

तो आत शिरला तेव्हा सलूनवाल्याने त्याला ‘या, बसा’ म्हटलं होतं, नव्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

हनुवटीखाली, या कानापासून त्या कानापर्यंत गेलेली शिवण दिसली तशी सलूनवाल्याच्या हातातली घाई गेली. “ॲक्सिडेंट?”

“हं.” फार बोललं की त्याचे शब्द घरंगळायचे. आवाजही पूर्वीचा राहिला नव्हता.

“सांभाळून करतो. तुम्ही निवांत बसा,” सलूनवाला म्हणाला. आणि गिऱ्हाइकाचं मन रमवायचं म्हणून त्याने तोंड सुरू केलं. ते तसंही फार वेळ बंद राहायचं नाही. “आमचा एक वायरमन होता. ह्याच खुर्चीत बसायचा. मी त्याला फ्यूज म्हणायचो. जरा काही बोललं की उडालाच. पण मनाचा साफ. खांबावर चढला होता आणि खाली कुणा शहाण्याने लाइन सुरू केली. तोंडाचा पार कोळसा झाला, असं म्हणतात.”

“मग?”

“मग काय! कुणी म्हणतं गेला, कुणी म्हणतं घरातच असतो, तोंडावर कपडा टाकून. मी म्हणतो, गेला असेल तर सुटला बिचारा.”

“घरी कोण आहे त्याच्या?”

“बायको आहे, मुलगी आहे.” सलूनवाल्याने वस्तऱ्यावरचा फेस कागदावर पुसला. “खोटं कशाला बोला, त्याही सुटल्या असतील.”

त्याने तोंड पुसलं, तुरटी फिरवली आणि अंगावरचं कापड झटकून काढलं. समोरच्या आरशात तुळतुळीत तरुण गाल चमकत होते. खुर्चीतला माणूस त्यांच्याकडे बघत होता. आता उठायला हवं होतं. तो उठला नाही.

“केस पण करा,” तो म्हणाला.

“मी म्हणणारच होतो. मागे पार रान माजलंय.” सलूनवाल्याने कापड पुन्हा बांधलं, पाणी फवारलं आणि त्याचं डोकं पुढे वाकवलं. “गंमत बघा, तोंडावरून तिशीचे वाटता आणि मान माझ्यापेक्षा म्हातारी.”

तो हसत होता. हसत हसतच त्याने मानेवरचे केस कंगव्यावर उचलले, आणि हसणं तिथेच थांबलं.

उजव्या कानाच्या मागे, खालच्या बाजूला, एक तिरपी पांढरी खूण होती. फार वर्षांपूर्वी ऐन हजामतीत लाइट गेली आणि त्याचा वस्तरा तिथे निसटला होता. फ्यूजने असा तमाशा केला होता की सगळी गल्ली दारात जमली. महिन्याने तोच फ्यूज त्याच खुर्चीत येऊन बसला होता.

या दुकानातली कात्री केस नसले तरी हवेत वाजत असायची. ती वाजायची थांबली. मग पुन्हा चालू झाली, पण अगदी सावकाश. सलूनवाल्याने मशीन घेतलं नाही. कात्रीनेच त्याने मान साफ केली, खुणेच्या बाजूने हलकेच वस्तरा फिरवला, ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

शेवटी त्याचा हात सवयीने खिळ्यावरच्या लहान आरशाकडे गेला. तो त्याने मानेमागे धरला.

“बघ,” तो म्हणाला. “बरोबर आहे ना?”

माणसाने डोळे वर केले. मोठ्या आरशात लहान आरसा होता आणि त्यात एक मान. उन्हाने रापलेली, बापासारखी रुंद, दोन आडव्या वळ्यांची, तिरप्या खुणेची. वीस वर्षं त्याने तिच्याकडे धड न बघताच मुंडी हलवली होती. आता ती त्याला लगेच ओळखू आली. गर्दीत घरचं माणूस पाठमोरं दिसलं तरी कळतं, तशी.

“घरी कधी आलास?” सलूनवाल्याने विचारलं. विचारलं ते त्या मानेला. त्याने नजर वर उचलली नाही.

“झाले दोन महिने.”

“बरं केलंस, आलास.” आरसा त्याच्या हातात तिरपा झाला. मान आरशातून निसटली.

“हलवू नकोस,” माणूस म्हणाला. “धर अजून जरा.”

सलूनवाल्याने दुसरा हात लावून आरसा सरळ केला. दोघेही त्या मानेकडे बघत राहिले. मोठ्या आरशात मधोमध तो तरुण चेहरा होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं.