दारातली गाडी

“अण्णा, बॅटरी कधी बदलली?” चांगदेव फाटकातून आत येत म्हणाला. ही त्याची तिसरी खेप. गाडीभोवती फिरायचं, खाली वाकून बघायचं, बाहेर जायचं आणि नवा प्रश्न घेऊन परत यायचं.

“तुला गाडी घ्यायचीय का माझी परीक्षा?” भिमाजी वैतागले.

“मी न्हाई वो, माझा मेकॅनिक इचारतोय. भायेर माझ्या गाडीत बसलाय.”

“मग त्याला आत यायला काय झालं? पाय मोडलेत का त्याचे?”

चांगदेवने टायरला उगाच एक लाथ मारून बघितली.

आळेफाट्यावर त्याचा जुन्या गाड्यांचा धंदा. रोज दहा गाड्या बघणारा माणूस, पण ही बघून तोही जरा हरखला होता. अख्ख्या बोरी बुद्रुकमध्ये अशी दुसरी नव्हती. काळीभोर, चारी चाकांनी ओढणारी, ओढा म्हणू नका, उभा चढ म्हणू नका, कुठेही घुसणारी. कागद भिमाजींच्या नावावर. जीव मात्र त्यांच्या मुलाचा, आदेशचा. डोंगरातल्या शर्यतींना तो ती न्यायचा. एका शर्यतीत गाडी दोनदा उलटली आणि आदेश खांदा मोडून घरी आला. पुढे गाडी दुरुस्त होऊन दारात उभी राहिली, तसा घाबरलेला बाप तोंडाला येईल ते बोलून बसला.

“ही गाडी दारात हाय तवर ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई!”

त्यांना वाटलं होतं, पोरगं गाडी काढून टाकील. पण पोरगं कुणाचं? त्यांचंच. त्याने किल्ली ओट्यावर ठेवली, गाडी होती तिथेच सोडली आणि एसटीने निघून गेला.

त्याला आता तीन वर्षं झाली. आईला, बयाबाईंना, त्याचा फोन यायचा. अण्णा कसे आहेत, असं विचारायचा म्हणे. अण्णांकडे फोन दे, असं म्हणायचा नाही. आणि अण्णाही हात पुढे करायचे नाहीत, नुसते जवळपास घोटाळायचे.

बोललेला शब्द मागे घेणं भिमाजींना जन्मात जमलं नव्हतं. गाडी होती म्हणून आदेश येत नव्हता. पण गाडी गेली तर तो कशाच्या ओढीने येईल? निदान ती न्यायला तरी एक दिवस येईल, या आशेवर त्यांनी ती सांभाळली. दर रविवारी फडक्याने पुसायचे आणि जागच्या जागी चालू करायचे. चालू केली की समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटायची आणि शेजारी एक गोल चक्र फिरत राहायचं. एकदा त्यांनी लेकीला, संस्कृतीला, विचारलं होतं, काय म्हणतीय गं ही?

“गाडी दादाचा फोन शोधतीय अण्णा. जवळ असला की आपोआप जोडला जातो.”

तेव्हापासून ते रविवारी चक्र दिसेनासं होईपर्यंत आत बसून राहायचे. थोडा वेळ ते फिरायचं, मग विझून जायचं. भिमाजी गाडी बंद करायचे आणि जेवायला जायचे. त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही.

यंदा भाऊबीजेला संस्कृती ओवाळणीचं ताट घेऊन रिकाम्या पाटासमोर बसून राहिली. बयाबाई तेव्हा पहिल्यांदा तडकल्या. “इका ती गाडी! निदान तुमचा शब्द तरी मिटंल.” दुसऱ्याच दिवशी संस्कृतीने मोबाइलवर जाहिरात टाकली. भिमाजींनी तिला अडवलं नाही.

“बॅटरीचं काय सांगू त्याला?” चांगदेवने पुन्हा विचारलं.

“तीच हाय. दर रविवारी चालू करतो, म्हणून टिकली.”

चांगदेव बाहेर गेला. या वेळी त्याला यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा त्याचं धंद्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

“चालू करून दाखवा अण्णा,” तो हळू आवाजात म्हणाला.

भिमाजी आत बसले. इंजिन घुमलं. पडद्यावर ती सवयीची अक्षरं आली, चक्र फिरू लागलं. भिमाजींनी मान वळवली. आज बघवत नव्हतं. शेवटचंच शोधणं ते. मग त्यांनी न राहवून पाहिलं, तर चक्र थांबलं होतं. विझलं नव्हतं, थांबलं होतं. त्याच्या जागी हिरवी खूण आली होती आणि त्या खुणेशेजारी चक्क मराठीत आदेशचं नाव.

भिमाजींनी कुंपणाकडे बघितलं. पलीकडे, दहा पावलांवर, चांगदेवची गाडी उभी होती. काचा वर केलेल्या.

“चांगदेव, भायेर कोण हाय?”

चांगदेवने मान खाली घातली. “नाशकात गॅरेजला असतो. जाहिरात बघून मला फोन केला. म्हणला, गाडी एकदा बघायचीय, पण मला आत जाता येत न्हाई.”

भिमाजींनी दार ओढून घेतलं. हयात ट्रॅक्टरवर गेलेली, पण या गाडीला त्यांनी आजवर हातभरसुद्धा हलवलं नव्हतं. त्यांनी गिअर टाकला आणि ती एका झटक्यात पुढे झेपावली.

“अवो अण्णा, ट्रायल मी घ्यायचीय!” चांगदेव बाजूला उडी मारत ओरडला. “इकायचीय ना गाडी?”

भिमाजींना ऐकूच आलं नाही. फाटकाचा एक खांब खरवडला गेला. ओट्यावर आलेल्या बयाबाई तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधाला जाऊन थांबली. भिमाजी उतरले, चांगदेवच्या गाडीपाशी आले आणि त्यांनी काचेवर बोटाने टकटक केली. काच खाली आली. आदेशला दाढी आली होती. डोळे लाल झाले होते.

“दारात गाडी न्हाई आता,” भिमाजी म्हणाले. “चल घरात.”