मुळ्याची किमची

जबड्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. वरचे-खालचे दात तारांनी घट्ट बांधलेले, साधी शिंक आली तरी कवटीपर्यंत कळ जायची. गाल भोपळ्यासारखे सुजले होते, आणि सूज उतरावी म्हणून आई मला सिरिंजने भोपळ्याचंच पाणी पाजत होती. सहा किलो वजन गेलं होतं.

भर दुपारी आई किमचीची, त्या आंबट-तिखट लोणच्याची, बरणी घेऊन आली. "हेरिम, मुळ्याची किमची निम्मी कोणी केली?"

मी वहीत लिहिलं, "तोंड बांधलंय माझं. बाबांना विचार."

"ते सोमवारपासून बुसानला आहेत."

तेवढ्यात कुरकुर ऐकू आली. कोणीतरी अगदी निवांत मुळा चावत होतं. मी जबड्याला हात लावला. तो हलत नव्हता.

आईने माझ्या गालाला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली. मग तिचा चेहरा खुलला. नऊ दिवसांनी लेक काहीतरी खात होती.

"आणखी वाढू का गं?" तिने गालालाच विचारलं.

कुरकुर थांबली. माझ्या बंद दातांमागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "नुसता मुळा जात नाही, काकू. थोडा भात वाढा."