विश्रांतीचा रकाना

"डोळे मिटायचे नाहीत, मान हलवायची नाही. चौकोनाचा रंग बदलला की बटण दाबायचं," असं बजावून तिने सुपरवायझरच्या टकलावर शेवटची तार चिकटवली.

बाटल्यांच्या कारखान्यात तीस बायकांवर डाफरणारा हा माणूस आज कंपनीच्या हुकमावरून या तपासणी केंद्रात डोकंभर तारा लावून मुकाट्याने बसला होता. एकाच गोष्टीकडे बघत राहिलं की मेंदूचं लक्ष किती टिकतं, ते मशीन टिपणार होतं. नापास झाला तर नोकरी गेली.

त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कुठून? तिच्या आईच्या तोंडाकडे तरी त्याने कधी धड पाहिलं होतं का! आई अकरा वर्षं एकेक बाटली उजेडासमोर धरून तडा शोधत होती. एक तडकलेली बाटली नजरेतून सुटली आणि याने तिला हाकललं. आई अजूनही पाणी पिण्याआधी पेला उजेडासमोर धरते. ते बघितलं की लेकीच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

विसाव्या मिनिटाला पडद्यावरच्या लाटा ढेपाळल्या. सगळ्यांच्याच ढेपाळतात. म्हणून तर इथे पाच मिनिटं थांबायचं, डोळ्यांना विश्रांती द्यायची आणि मग पुढे जायचं, असा नियमच आहे. त्याला तो माहीत नव्हता.

"बाई, डोळ्यांची नुसती आग होतेय हो. दोन मिनिटं थांबू या का?"

"लाइन थांबत नसते," ती म्हणाली.

तो चमकला. हे त्याचंच वाक्य होतं, रोज दहा वेळा बोलायचा तो.

"तुम्ही कोण?"

"समोर बघा. एक चौकोन सुटला तुमचा."

मग एकामागून एक सुटतच गेले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बटणावरचा अंगठा चुकीच्या वेळी दाबला जात होता. तिने एकाही तारेला हात लावला नाही. गरजच पडली नाही. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

तो गेल्यावर तिने अहवाल पुढे ओढला. निकाल लिहिला. खाली एक रकाना उरला होता: 'मध्ये विश्रांती दिली का?'

तिने 'होय'पुढे बरोबरची खूण केली. आईला काढलं त्या कागदावरही याच प्रश्नापुढे अशीच खूण होती, त्याच्या हातची.